वास कोणाचा?

विषय क्षुल्लक आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. शिवणाचे मशीन, त्याचे लाकडी टेबल, इस्त्रीखाली पसरावयाची घोंगडी आणि पावसाळ्यात या साऱ्यांना येणारा कुबट वास, एवढ्यावर त्रैमासिकाची चार पाने खर्ची घालावीत काय, अशी शंका सुज्ञ वाचकांस येईल. आम्हांसही ती आली होती. परंतु हा वास काढावा की राहू द्यावा यावरून आमच्या घरात दोन महिने जे चालले होते ते पाहता, प्रश्न केवळ व्हिनेगरचा आणि खाण्याच्या सोड्याचा नव्हता. दिवंगत माणसाच्या वस्तूवर हक्क कोणाचा, आणि स्मृती जपणे व घाण जपणे यांतील सीमा कोठे आखावी, हे प्रश्न त्या मशीनच्या खणांतून बाहेर आले. आणखी एक प्रश्न मशीनच्या पाठीमागून निघाला. तो आम्ही अपेक्षिला नव्हता. त्याकडे यथावकाश येऊ.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर वडोदऱ्यातील वाचक विसरलेले नसतील. नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली, मगरी वस्त्यांत शिरल्या, आणि पाणी ओसरल्यावर कित्येक दिवस रस्त्यांच्या कडेला भिजलेल्या गाद्या व फुगलेली कपाटे पडून होती. आमचे घर जुन्या वस्तीतले. पुढचा भाग उंचावर, मागची खोली दोन पायऱ्या खाली. पाणी मागच्या दाराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले, आत शिरले नाही, एवढ्यापुरते आम्ही सुदैवी. खबरदारी म्हणून मागच्या खोलीतील सामान आम्ही उभयतांनी आणि चिरंजीवांनी पुढे आणले. त्यात आईचे मशीनही आले. तिच्या निधनानंतर, म्हणजे २०१२ पासून, ते त्या खोलीबाहेर निघालेच नव्हते. दिवाणखान्यात त्यावरची चादर काढली मात्र, आणि तो वास घरभर झाला.

मराठीत वासांना शब्दांचा तोटा नाही. भाजणीचा खमंग, लागलेल्या दुधाचा करपट, जुन्या खोबऱ्याचा खवट, शिळ्या ताकाचा आंबूस, बंद खोलीचा कोंदट. या मशीनच्या वासात त्यांपैकी तीन-चार एकत्र नांदत होते. वर लाकडाचा कुबट थर, त्याखाली जुन्या तेलाचा खवटपणा, मध्येच चामड्याच्या पट्ट्याची झाक. आणि खण उघडला की अगदी तळाशी शिवणाच्या खडूचा व कोऱ्या मांजरपाटाचा कोरडा वास. हा शेवटचा वास आम्ही साठ वर्षे ओळखतो.

आईने शिवण शिकले ते महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात. १९१४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने वडोदऱ्यातील मराठी आणि गुजराती घरांतील अनेक स्त्रियांच्या हातांत स्वतःची मिळकत ठेवली. विवाहानंतर काही वर्षांनी, १९६२ साली, आईने हप्त्याने मशीन घेतले. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगची काळी ‘उषा’, सोनेरी वेलबुट्टीची, पायाने चालविण्याची. वडिलांचा पगार बेताचा. परकर, पोलकी, शाळेचे गणवेश आणि लोकांच्या गाद्यांच्या खोळी यांवर आम्हां दोघा भावंडांच्या शिक्षणाचा बराच भार निभावला गेला. शिवून झालेले कपडे ती तेथेच, मशीनशेजारच्या फळीवर घोंगडी आणि वर जुने लुगडे पसरून, इस्त्री करून ठेवी. आधी कोळशाच्या पितळी इस्त्रीने, पुढे विजेच्या. गिऱ्हाइकाच्या हाती चुरगळलेले वस्त्र देणे तिला कमीपणाचे वाटे.

पुरानंतर आठ-दहा दिवसांतच गणपती आले आणि गौरींसाठी इंदूरहून ताई आली. ताई आमच्याहून चार वर्षांनी थोरली. आल्या आल्या तिने मशीनचा खण ओढला, त्यावर वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, “अरे, याला हात लावू नकोस. आईचा वास आहे हा. एवढाच राहिलाय.”

दुसरा पक्ष आमच्या सौभाग्यवतींचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: “अहो, वस्तू वापरायची असेल तर स्वच्छ करा, नाहीतर गरजूला देऊन टाका. देव्हारा करायचा असेल तर तसं सांगा, म्हणजे मी रोज फूल वाहीन.” त्यांच्या या बोलण्यामागे तिसरी व्यक्ती होती. आमच्या सूनबाईंना शिवण शिकण्याची इच्छा आहे आणि त्यांना दम्याचा त्रासही आहे. मशीन दिवाणखान्यात आल्यापासून त्यांना रात्री शिंका आणि खोकला सुरू झाला होता. त्या स्वतः एक अक्षर बोलल्या नाहीत. नणंद-भावजयांच्या वादात नव्या सुनेने बोलू नये, हा संकेत त्या पाळीत होत्या. त्यांचे फुप्फुस मात्र तो पाळीत नव्हते.

ताईच्या म्हणण्यात आम्हांस तथ्य वाटले, हे सांगितले पाहिजे. माणूस गेल्यावर त्याचे छायाचित्र उरते, हस्ताक्षर उरते, अलीकडे तर आवाजही साठवून ठेवता येतो. वासाचे तसे नाही. त्याचे वर्णन करता येत नाही, केवळ दुसऱ्या कशासारखा आहे एवढे सांगता येते. त्याची प्रत काढता येत नाही. आणि एकदा गेला की तो आठवतही नाही, पुन्हा आला तरच ओळखू येतो. अशी एकमेव प्रत पुसून टाकण्याचा अधिकार एका वारसाने परस्पर बजावावा काय? दुसऱ्या बाजूस जिवंत माणसाचा श्वास. तत्त्व म्हणून पाहिल्यास श्वासाचा हक्क स्मृतीच्या हक्काहून मोठा, यात शंका नसावी. पण तत्त्वाने निकाल लागला म्हणून ताईच्या डोळ्यांतले पाणी खोटे ठरत नाही. आम्ही आयुष्यभर सरकारी अधिकारी होतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेऊन निर्णय पुढे ढकलण्याची विद्या आम्हांस चांगली अवगत आहे. “पाऊस थांबू द्या, मग पाहू,” असे आम्ही म्हणालो, आणि मशीन मागच्या पडवीत नेऊन ठेवले. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पाऊस थांबण्याची वाट पाहत असताना रिकामपणी आम्ही ‘वास’ या शब्दाचा विचार करीत बसलो. मराठीत वास म्हणजे गंध आणि वास म्हणजे वस्तीही. संस्कृतात या दोन शब्दांचे धातू वेगळे मानतात, पण मराठी कान तो भेद करीत नाही. देवाचा वास असतो आणि धुपाचाही वास असतो. मनावर उरलेल्या पूर्वसंस्कारास ‘वासना’ म्हणतात, आणि ती कशी राहते हे समजाविण्यासाठी बौद्ध विज्ञानवाद्यांनी फुलांच्या सहवासाने सुवासिक झालेल्या तिळांचा दाखला दिला आहे. फुले काढून घेतली तरी तिळात त्यांचा गंध उरतो. ताईचे म्हणणे तंतोतंत हेच होते. उलट, सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त गंध हा केवळ पृथ्वीचा गुण मानला आहे आणि त्याचे सुगंध व दुर्गंध असे दोनच प्रकार केले आहेत. नैयायिकांच्या मते पाण्याला स्वतःचा गंध नाही. पाण्यात जो वास जाणवतो तो त्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा. ओलीचा वास म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, तोही या हिशेबाने ओलीचा नसून लाकडाचा, कापडाचा, भिंतीचा. आईच्या मशीनचा वास मात्र त्या दोन प्रकारांपैकी कोणत्या खान्यात टाकावा, हे काही आम्हांस ठरविता आले नाही.

आजचे विज्ञान नैयायिकांपासून फार दूर नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली आणि हवा खेळती नसली की लाकूड, कापूस, चामडे, खळ, सरस यांवर बुरशी धरते. ती आपले अन्न पचविताना जी उडून जाणारी रसायने सोडते, तोच कुबट वास. म्हणजे वास हा डाग नव्हे, चालू असलेला व्यवहार आहे. बुरशी जिवंत आहे आणि खाते आहे, तोवर वास येत राहणार. जुन्या पुस्तकांच्या वासावर आपण साहित्यप्रेमी मंडळी लुब्ध असतो; तोही कागद हळूहळू विघटित होत असल्याचाच वास आहे. संस्थेच्या ग्रंथालयात शिरताना आम्ही दीर्घ श्वास घेतो तो पुस्तकांच्या मरणाचा, हे कळल्यावरही आम्ही तो घेतोच.

दसरा झाला, आकाश स्वच्छ झाले, आणि आता टाळाटाळीस सबब उरली नाही. ताईला फोन करून सांगितले. ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रथम मशीन दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांस विचारले. त्यांनी पाहणी करून दोन उपाय सुचविले. एक, भंगारात काढावे. दोन, वरून पॉलिश मारून खणांत डांबराच्या गोळ्या टाकाव्यात आणि अधूनमधून सुवासिक फवारा मारावा, म्हणजे “वास दबेल”. दबेल, हा शब्द आम्हांस उद्बोधक वाटला. सरकारी कामकाजात आम्ही अनेक वास दबताना पाहिले आहेत. डांबराच्या गोळ्यांनी कुबट वास जात नाही. दोन वास होतात. गृहस्थांकडून बाटलीभर रॉकेल मात्र मिळाले, जे आता दुर्मीळ झाले आहे, आणि काम आम्ही स्वतःच हाती घेतले. नोकराकडून करून घ्यावे असे मनात आले नाही असे नाही. पण आईच्या खणांत परक्या हाताने चाचपडावे, हे रुचेना.

पहिल्या दिवशी खण रिकामे केले. बटणे, हूक, टेप, अर्धवट झिजलेले खडू, बॉबिनी, आणि मापांची एक वही. वहीत छाती, कंबर, बाही यांचे आकडे, पुढे गिऱ्हाइकांची नावे. काही नावांपुढे ‘बाकी’ असे लिहिलेले आणि ते कधीच खोडलेले नाही. कापडाची प्रत्येक चिंधी बाहेर काढून गरम पाण्यात धुतली, कारण कुबट वासाचे पहिले माहेर कापूस असते. दुसऱ्या दिवशी मशीनचे डोके मागे कलते करून आतला भाग पाहिला. सुईखालच्या दात्यांत आणि शटलच्या भोवती सुताची धूळ तेलाशी मिळून नमद्यासारखी घट्ट बसली होती. ती टोचणीने आणि जुन्या दातघाशीने काढली. घट्ट झालेल्या तेलावर रॉकेलचे थेंब सोडून चाक हळूहळू फिरविले, काळा चिकटा पुसून घेतला, रॉकेल पूर्ण उडून जाईपर्यंत उघड्यावर ठेवले आणि मग मशीनचे पातळ, पांढरे तेल घातले. आत एका कोपऱ्यात राळेसारखा पिवळट थर होता, तो काही केल्या सुटेना. दहा-अकरा वर्षांचे असताना तेलाची कुपी संपली म्हणून आईला मदत करण्याच्या हौसेने आम्ही मशीनला गोडेतेल पाजले होते. खनिज तेल जागच्या जागी राहते. गोडेतेल खवट होते आणि सुकून सरसासारखे चिकटते. आईने ती सारी दुपार पुसण्यात घालविली होती. तरी एक कोपरा राहिला असावा. आमच्या परोपकाराची ती खूण निदान पंचावन्न वर्षे टिकली.

तिसऱ्या दिवशी लाकडी टेबलाकडे वळलो. येथे एक-दोन गोष्टी अनुभवाने सांगतो, कोणास उपयोगी पडल्या तर पडोत. बुरशी कोरडी असताना झटकली तर तिची भुकटी हवेत उडते. म्हणून काम उघड्यावर आणि तोंडा-नाकाला फडके बांधून करावे, आणि दम्याच्या माणसाने त्या आसपास नसावे. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन फडके घट्ट पिळून पुसावे व लगेच कोरड्या फडक्याने टिपावे, कारण लाकूड भिजले तर त्याचे पापुद्रे सुटतात. लोखंडास व्हिनेगर लागू देऊ नये, गंजते. कडक उन्हात ठेवण्याचा मोह होतो. पातळ लाकडाचा वरचा थर तेथे फुगतो, तेव्हा वाऱ्याची सावली बरी. खणांत बशीभर खाण्याचा सोडा ठेवून तो चार-पाच दिवसांनी बदलावा. एवढे केल्यावर पुढची बाजू, फळी आणि खण यांचा वास जवळजवळ गेला. तरीही कोठून तरी तो येतच होता.

मग आम्ही टेबल वळविले आणि त्याची पाठ प्रथमच पाहिली.

पाठीला मेणकापड लावलेले होते. निळ्या फुलांचे, जेवणाच्या टेबलावर घालतात तसले. चार कोपऱ्यांना चार बारीक खिळे. आणि चारी कडा दुमडून, सरळ, एकसारख्या टाक्यांनी शिवलेल्या. मेणकापडाच्या कडा उसवत नाहीत, त्यांना दुमड घालण्याची गरज नसते. पण ही शिवण ज्या हाताची होती त्या हाताला कच्ची कड सहन होत नसे. मेणकापड उचलले. मागची फळी काळी पडली होती आणि बोटाने दाबल्यास भिजलेल्या टोस्टासारखी दबत होती. त्या वासाचे घर तेथे होते.

आता जे लिहावयाचे ते लिहिणे सुखाचे नाही. २००७ च्या पावसाळ्यात आई आम्हांस म्हणाली होती, “मागची भिंत ओल धरतेय रे. एक तर मशीन हलवून दे, नाही तर भिंतीचं बघ.” खोली लहान, एका बाजूस तिचा पलंग, दुसरीकडे कपाट, मशीन हलवावयास जागा नव्हती. आम्ही म्हणालो, “पावसाळा संपला की पाहू.” उत्तर शास्त्रशुद्ध होते. ओली भिंत पावसात उकरीत नाहीत. पण पावसाळा संपला की भिंत वाळते, पोपडे पडलेली जागा चुना लावल्यासारखी पांढरी दिसते, आणि काही झाले होते हेच विसरावयास होते. पुढच्या वर्षीही असेच झाले. त्याच्या पुढल्या वर्षी आईने विषय काढला नाही. आम्ही समजलो, ओल कमी झाली असेल. आमची सारी नोकरी सरकारी इमारतींच्या देखभालीच्या खर्चाशी निगडित होती. परगावच्या विश्रामगृहांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर किती ओल आली आहे, तिला किती खर्च मंजूर करावा, यावर आम्ही शेकडो शेरे लिहिले असतील. स्वतःच्या घरच्या भिंतीचे प्रकरण मात्र निर्णयाविना पडून राहिले, आणि अर्जदाराने शेवटी मेणकापड शिवून घेतले.

त्या मेणकापडाने काय साधले? भिंतीचे पाणी लाकडास थेट लागले नाही. पण लाकूड आणि कापड यांच्यामध्ये जी दमट हवा कोंडली तिला बाहेर जाण्याची वाट उरली नाही. उघडे राहिले असते तर उन्हाळ्यात वाळले तरी असते. झाकल्यामुळे बारमाही ओले राहिले. आई शेवटची तीन-चार वर्षे पावसाळ्यात खोकत असे. आम्ही ते वयावर घातले. सूनबाईंचा खोकला ऐकेपर्यंत दोन गोष्टी आम्ही एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

तर ताई ज्याला आईचा वास म्हणत होती, तो आईचा नव्हता. आमच्या बालपणी मशीनला कुबट वास नव्हताच. तेव्हा तेल, खडू आणि कोरे कापड यांचाच वास होता. कुबटपणा आला तो भिंतीतून, म्हणजे आमच्या ‘पाहू’मधून. ही वस्तुस्थिती ताईला सांगावी काय? सांगितल्यास तिची ठेव खोटी ठरणार. न सांगावे तर आम्ही आपला दोष तिच्या भाबडेपणाआड लपविल्यासारखे होणार.

या संदर्भात महात्मा गांधींचा एक प्रसंग आम्हांस आठवतो. यंत्रांविषयी त्यांचे मत कठोर होते; पण १९२४ साली शांतिनिकेतनच्या एका विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद केला. कारण दिले ते असे, की पत्नी हाताने टाके घालून शिणते आहे हे पाहून सिंगरने तिच्यावरील प्रेमापोटी ते यंत्र काढले. म्हणून त्या यंत्राच्या मुळाशी प्रेम आहे. प्रत्यक्ष इतिहास तसा नाही. आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये एकस्व घेतले ते धंद्यासाठी. इलायस हाउ याने आपल्या १८४६ च्या एकस्वावरून त्याच्याशी दावा मांडला आणि सिंगरला स्वामित्वधन द्यावे लागले. आणि गृहस्थ म्हणून सिंगरची ख्याती एकाच वेळी एकाहून अधिक संसार चालविण्याची. आम्ही नोकरीत असताना एका सहकाऱ्याने हे सांगून गांधींचा युक्तिवादच निकालात काढला होता, आणि तेव्हा आम्हांस ते पटले होते. आता तितकेसे पटत नाही. सिंगरच्या मनात प्रेम नव्हते हे खरे. पण १९६२ साली घेतलेल्या त्या काळ्या मशीनवर दोन मुलांची शिक्षणे झाली, हेही खरे. यंत्रात जे कर्त्याने घातले नव्हते ते वापरणाऱ्या बाईने घातले. मग वासाबद्दल असेच म्हणता येईल काय? कुबटपणा आम्ही घातला, पण त्यात बसून पंचेचाळीस वर्षांचा सराव असलेले पाय चालत राहिले, एवढ्याने तो आईचा होतो काय? हा युक्तिवाद आम्हांस फारच सोयीचा होता, आणि सोयीच्या युक्तिवादाविषयी नोकरीने आम्हांस सावध केले आहे.

इस्त्रीच्या सामानाविषयी थोडे सांगून पुढे जातो. इस्त्रीला स्वतःला वास नसतो. आजकालच्या वाफेच्या इस्त्रीत पाणी तसेच राहू दिले तर मात्र येतो, ते काम झाल्यावर ओतून टाकावे. वास असतो तो घोंगडीला. कपड्यावर शिंपडलेले पाणी वाफ होऊन वर जाते तसे खालीही मुरते, बरोबर खळ नेते, आणि खळ हे बुरशीचे आवडते खाद्य. इस्त्री आटोपताच घोंगडी गरम असतानाच चौघडी घालून कपाटात ठेवली, तर ती ओल आणि ऊब दोन्ही आत कोंडतात. निवृत्तीनंतर आम्ही आमचे कपडे स्वतः इस्त्री करतो आणि हातासरशी सर्व आवरून ठेवतो, याचा आम्हांस अभिमान होता. आमच्या आताच्या घोंगडीचा कुबटपणा त्या टापटिपीतूनच आला होता, हे सौभाग्यवतींनी सोदाहरण सिद्ध केले. आता घोंगडी रात्रभर दोरीवर पसरलेली असते आणि घर जरा गबाळे दिसते. आईच्या जुन्या घोंगडीला कसर लागली होती, ती टाकावी लागली. तिच्यावरचे लुगडे तेवढे न धुता बाजूला ठेवले.

भाऊबीजेला आम्ही इंदूरला गेलो. ओवाळून झाल्यावर ते लुगडे ताईला दिले आणि भिंतीची, मेणकापडाची सगळी हकीकत सांगितली. काही गाळले नाही. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “मेणकापड मीच आणलं होतं. मंगळ बाजारातून. त्या वर्षी श्रावणात आले होते ना मी.”

आम्ही विचारले, “मग मला का नाही सांगितलंस?”

“आई म्हणाली, त्याला सांगू नकोस. ऑफिसातून दमून येतो, वर आणखी आपली भिंत कुठे.” मग थोड्या वेळाने, लुगड्याची घडी न मोडता, ती म्हणाली, “वास भिंतीचा आहे हे मला का ठाऊक नव्हतं? पण ती त्यात बसत होती रे. वास गेला की ते कुणाच्या लक्षात राहणार?”

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचलेले नाही. जो वास आम्ही भाबड्या प्रेमाची ठेव समजत होतो, तो ताईच्या लेखी साक्षीदार होता. आणि ज्याच्या विरुद्ध साक्ष, त्यानेच व्हिनेगर घेऊन तो पुसला होता. सूनबाईंच्या श्वासासाठी पुसला, हे खरे आहे. आम्हांस मोकळे वाटावे म्हणूनही पुसला असेल काय, याचा निवाडा आम्हीच करणे न्यायास धरून होणार नाही. हा मजकूर लिहिण्यापूर्वी ताईची अनुमती घेतली. ती म्हणाली, “लिही. पण स्वतःला फार वाईट ठरवून लिहू नकोस, तीही एक ऐटच असते.” तिच्या या सूचनेचे पालन कितपत झाले, कोण जाणे.

भिंतीचे काम त्याच हिवाळ्यात केले. बाहेरची पन्हळ एका सांध्याशी फुटली होती आणि पाणी वर्षानुवर्षे भिंतीवरून उतरत होते. पन्हळ बदलली, कमरेपर्यंतचा गिलावा काढून विटा वाळू दिल्या, नवा गिलावा केला. खर्चाचा आकडा येथे लिहीत नाही. तो फार थोडा होता.

टेबलाची मागची फळी नवी घातली. मेणकापड पुसून, वाळवून, मापांच्या वहीबरोबर डाव्या खणात ठेवले आहे. सूनबाईंनी मशीन चालविण्यास आरंभ केला असून सध्या उशांच्या अभ्र्यांवर हात बसवीत आहेत. कड दुमडताना टाका अजून वाकडा जातो. ताईने फोनवर सांगितले की लुगड्याचा वास दिवाळीनंतर महिन्याभरातच गेला, आता त्याला तिच्या कपाटाचाच वास येतो. मशीन पुन्हा मागच्या खोलीत, त्याच जागी आहे. फक्त ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आहे, त्यामुळे पलंगाकडे जाताना आमचा गुडघा रोज त्याच्या कोपऱ्यावर आपटतो. सौभाग्यवती म्हणतात, आता भिंत कोरडी आहे, मागे सरकवा. पावसाळा संपला की पाहू, असे म्हणण्याची आम्हांस आता सोय राहिलेली नाही. म्हणून आम्ही नुसते “असू द्या” म्हणतो.